कुस्कोच्या भिंतींना तिकीट नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत पेरू देशाच्या सहलीविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. माचू पिक्चू या इंकाकालीन डोंगरी नगराचे प्रवेशशुल्क, तेथवर नेणाऱ्या रेल्वेचे भाडे आणि विमानप्रवास यांचा लेखकाने मांडलेला हिशेब वाचकांच्या उपयोगाचा आहे, आणि ही सहल मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाते हे त्यांचे म्हणणेही खरे आहे. मात्र खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी कुस्को शहरात एका रात्रीपेक्षा अधिक मुक्काम करू नये, असा जो सल्ला त्यात दिला आहे, तो मला अजिबात पटलेला नाही. या साऱ्या सहलीत ज्या एका ठिकाणी खिशात हात न घालता दोन-तीन दिवस समाधानाने घालवता येतात, ते ठिकाण कुस्कोच आहे. आणि तेथला मुक्काम कापणे प्रकृतीच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही.

आधी प्रकृतीचे पाहू. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसलेले आहे. माचू पिक्चू त्याहून जवळजवळ हजार मीटर खाली, सुमारे २,४३० मीटरवर आहे, ही गोष्ट आपल्याकडील बऱ्याच प्रवाशांना ठाऊक नसते. समुद्रकाठच्या लिमाहून निघालेले विमान तास-सव्वा तासात कुस्कोला उतरवते आणि शरीराला त्या विरळ हवेची सवय व्हायला एक-दोन दिवस लागतातच. डोके दुखणे, दम लागणे, झोप न येणे हे त्रास धडधाकट तरुणांनाही होतात. पहिल्या दिवशी सावकाश चालावे, जेवण हलके ठेवावे, पाणी भरपूर प्यावे, आणि हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून औषधे बरोबर घ्यावीत. बहुतेक हॉटेलांत कोकाच्या पानांचा चहा पाहुण्यांसाठी फुकट ठेवलेला असतो आणि तो तेथे पूर्णपणे कायदेशीर आहे. मात्र ती पाने आठवण म्हणून सामानात घालून भारतात आणणे हा आपल्याकडील अंमली पदार्थविषयक कायद्याखाली गुन्हा ठरतो, हे सहल कंपन्यांनी प्रवाशांना आवर्जून सांगायला हवे.

दोन दिवस असे थांबणे भागच असेल, तर ते खोलीत पडून काढायचे की गावात फिरून, एवढाच प्रश्न उरतो. येथे लेखातील दुसऱ्या एका गैरसमजाकडे लक्ष वेधतो. कुस्कोत ‘बोलेतो तुरिस्तिको’ नावाचे एकत्रित पर्यटन तिकीट मिळते. परदेशी प्रौढांसाठी त्याची पूर्ण किंमत गेली अनेक वर्षे १३० सोलच्या (सोल हे पेरूचे चलन) घरात, म्हणजे आपल्या सुमारे तीन हजार रुपयांच्या आसपास राहिली असून ते दहा दिवस चालते. साक्साय्वामान, पिसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो, मोराय अशी शहराबाहेरची मोठी स्थळे आणि शहरातील काही संग्रहालये मिळून सोळा ठिकाणे त्यात येतात. ती पाहायची असतील तर हे तिकीट अवश्य काढावे, पैसे वसूल होतात. परंतु आपल्या लेखात या सोळा ठिकाणांची यादी देऊन कुस्को ‘संपवले’ आहे. त्यामुळे या यादीबाहेर शहरात पाहण्यासारखे काही नाही, असा ग्रह होतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. इंका साम्राज्याची ही राजधानी जमिनीखाली गाडली गेलेली नाही की कुंपणात बंदिस्तही झालेली नाही. स्पॅनिश लोकांनी १५३३ नंतर तिचे वाडे पाडले, पण पायाच्या भिंती एवढ्या भक्कम होत्या की त्यांच्यावरच त्यांनी आपली घरे, मठ आणि चर्च उभारली. त्या भिंती आजही रहदारीच्या रस्त्यांच्या दुतर्फा उभ्या आहेत. त्यांच्या कडेने शाळेत निघालेली मुले आणि पाठीवर गाठोडी घेतलेल्या बाया रोज जातात, आणि आपणही जावे.

माझी सारी नोकरी बांधकामात गेली असल्यामुळे या भिंतींविषयी थोडे विस्ताराने लिहितो, त्याबद्दल क्षमा असावी. मुख्य चौकातून, म्हणजे प्लाझा दे आर्मासमधून, ला कोंपान्या या जेझुइट चर्चच्या डाव्या अंगाने लोरेतो नावाची अरुंद गल्ली निघते. तिच्या एका बाजूला आक्ल्यावासीची, म्हणजे इंका दरबारासाठी निवडलेल्या कुमारिकांच्या निवासाची भिंत आहे, तर दुसऱ्या बाजूला आमारुकांचा या राजवाड्याची, जो ऐतिहासिक परंपरेनुसार वायना कापाक या सम्राटाचा मानला जातो. आक्ल्यावासीच्या भिंतीतील दगडांचे थर सरळ, आडवे आणि वर जाताना हलकेच लहान होत जाणारे आहेत. तेथून काही मिनिटांच्या अंतरावरील आतुन रुमियोक गल्लीत मात्र इंका रोका या राजाच्या वाड्याची भिंत आहे आणि तेथे एकही दगड दुसऱ्यासारखा नाही. प्रसिद्ध बारा कोनांचा दगड याच भिंतीत आहे. तो शोधावा लागत नाही, कारण त्याच्यासमोर नेहमीच गर्दी असते. पण माझे मत विचाराल तर त्या एका दगडापेक्षा त्याच्या आजूबाजूचे निनावी दगड अधिक निवांतपणे पाहण्यासारखे आहेत.

उन्हे तिरपी असताना भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहावे. दगडाचा दर्शनी भाग किंचित फुगीर आणि सांधे आत दबलेले असल्यामुळे प्रत्येक सांध्यात सावलीची बारीक रेघ उमटते. दगडाच्या पृष्ठभागावर ठोक्यांचे खळगे दिसतात. मधोमध ते मोठे असतात आणि कडेकडे जावे तसे बारीक होत जातात. इंका कारागिरांजवळ लोखंड नव्हते. कडक दगडाच्याच हातोड्यांनी ठोकून-ठोकून त्यांनी हे दगड घडवले, कडेच्या नाजूक कामासाठी लहान हातोडे वापरले, आणि त्या हातोड्यांचा आकार असा भिंतीवर नोंदला गेला. जाँ-पिएर प्रोत्झेन या कॅलिफोर्नियातील वास्तुविद्येच्या प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात तेथल्या जुन्या खाणींवर जाऊन, तसल्याच दगडी हातोड्यांनी स्वतः दगड घडवून हे पडताळून पाहिले होते. तेव्हा परग्रहवासी, वितळवलेला दगड वगैरे ज्या कथा चलचित्रांतून आपल्या मोबाइलवर येतात, त्यांची गरज उरत नाही. शहरातील बऱ्याच वाड्यांचा अँडेसाइट दगड सुमारे ३५ किलोमीटरवरील रुमिकोल्का येथील खाणीतून आणलेला आहे.

चुना किंवा माती न वापरता दगडावर दगड बसवण्याची कला आपल्याला अपरिचित नाही. आपली हेमाडपंती देवळेही चुन्याविना उभी आहेत. पण आपल्याकडे घडीव, चौकोनी दगड खाचा-खुंट्यांनी एकमेकांत अडकवलेले असतात, तर कुस्कोच्या या भिंतींत खालच्या दगडाचा जसा वेडावाकडा माथा, तसाच वरच्याचा तळ कोरून तो त्यावर बसवलेला आहे. भिंती वर जाताना किंचित आत झुकतात. दारे आणि कोनाडे खाली रुंद व वर अरुंद असतात. हा देश भूकंपाचा आहे. ३१ मार्च १६५० आणि २१ मे १९५० या दिवशी झालेल्या भूकंपांत वरची स्पॅनिश बांधकामे मोठ्या प्रमाणावर कोसळली, खालच्या इंका भिंती बहुतांशी जागच्या जागी राहिल्या. सांतो दोमिंगोच्या मठाचा मोठा भाग १९५० साली पडला, तेव्हा त्याच्या पोटातून कोरिकांचाच्या, म्हणजे इंकांच्या सूर्यमंदिराच्या दालनांच्या भिंती उघड्या झाल्या. आत जायला वेगळे तिकीट आहे, पण मठाच्या पायथ्याशी असलेली गोलाईची काळसर भिंत आणि तिच्यावर बसलेले चर्च आवेनिदा एल सोल या हमरस्त्यावरून, हिरवळीपलीकडे, पूर्ण दिसते. आणि हे दोन काळ एकावर एक कसे बसले आहेत ते समजण्यासाठी आतल्यापेक्षा बाहेरचे हे दृश्य अधिक बोलके आहे. त्याच रस्त्यावर हुआन ब्राव्हो या चित्रकाराने रंगवलेले कुस्कोच्या इतिहासाचे लांबलचक भित्तिचित्रही उघड्यावरच आहे.

या भिंती सार्वजनिक रस्त्यावर असल्याची किंमतही शहर मोजते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका इसमाने रात्रीच्या वेळी बारा कोनांच्या दगडावर अवजाराने घाव घालून त्याचे टवके उडवले. फुकट आहे म्हणून हात लावून, टेकून फोटो काढण्याची मुभा आहे असे नव्हे. स्पर्श करण्यास तेथे मनाई आहे आणि ती पाळली पाहिजे.

आतुन रुमियोकच्या पुढे चढ लागतो आणि सान ब्लास ही कारागिरांची जुनी वस्ती येते. पांढऱ्या भिंती, निळी दारे, दगडी पायऱ्या आणि रस्त्याच्या मधून वाहणारा पन्हाळीवजा नाला, असे तिचे रूप आहे. लांब मानेच्या संतमूर्ती घडवणारे इलारिओ मेंदीव्हिल येथलेच. त्यांच्या घराण्याचे काम अजूनही येथे पाहायला मिळते. शनिवारी येथील चौकात कारागिरांचा बाजार भरतो. येथून जवळच सापांतियाना नावाचा कमानींचा जुना जलसेतू आहे, जेथे पर्यटक फारसे फिरकत नाहीत. दुसऱ्या अंगाने चढून गेल्यास सान क्रिस्तोबालच्या चर्चपाशी पोहोचतो. तेथून साऱ्या शहराची कौलारू छपरे खाली पसरलेली दिसतात, आणि चर्चला लागूनच मांको कापाक या आद्य इंकाच्या नावाशी जोडलेल्या कोल्कांपाता वाड्याची कोनाड्यांची भिंत आहे. ज्यांचे गुडघे आणि फुप्फुसे साथ देतील त्यांनी आणखी वर क्रिस्तो ब्लांको, म्हणजे पांढऱ्या ख्रिस्ताच्या पुतळ्यापर्यंत जावे. कुस्कोत आसरा मिळालेल्या पॅलेस्टिनी ख्रिश्चनांनी १९४५ साली कृतज्ञता म्हणून तो शहराला भेट दिला आहे. शेजारच्या साक्साय्वामानला तिकीट पडते, पुतळ्याला नाही. पहिल्या दिवशी मात्र हा चढ कोणीही चढू नये.

सान पेद्रोचा बाजार १९२५ पासून भरतो आहे आणि तो सकाळी पाहावा. येथे इतक्या रंगांचे आणि आकारांचे बटाटे रचलेले असतात की आपल्याकडचा बटाटा त्यांच्यापुढे फारच एकसुरी वाटतो. त्यांतच काळे-पांढरे, खडीसारखे वाळलेले ‘चुन्यो’ दिसतात. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत उंच पठारांवर बटाटे रात्रभर उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे. असे केलेले चुन्यो वर्षानुवर्षे टिकतात. शेजारी नखाएवढ्या मोठ्या दाण्यांचा पांढरा मका असतो, आणि कीविचाच्या लाह्यांच्या वड्या असतात. कीविचा हा आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातला आहे. उपवासाच्या ताटाकडे एकदा या दृष्टीने पाहावे: बटाटा या डोंगरांतला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही त्याच खंडातला. आपली एकादशी पोर्तुगीज जहाजांची केवढी ऋणी आहे, हा विचार त्या बाजारात मनात आल्यावाचून राहत नाही. बाजारात फळांच्या रसाच्या दुकानांची एक मोठी रांग आहे. तेथे पेल्याचे पैसे द्यावे लागतात, पण भांड्यात उरलेला रस बाई पुन्हा आपल्याच पेल्यात ओततात. तिकडे त्याला ‘यापा’ म्हणतात आणि आपल्या भाजीवालीच्या वर घातलेल्या कोथिंबिरीसारखा तो गिऱ्हाइकाचा हक्कच असतो. मात्र विक्रेत्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

विणकामाची आवड असलेल्यांनी आवेनिदा एल सोलवरील पारंपरिक वस्त्रकला केंद्रात तास-दोन तास काढावेत. निल्दा काय्यान्याउपा या चिंचेरोच्या विणकर बाईंनी इतर विणकरांसह १९९६ मध्ये ही संस्था उभी केली. तेथील छोटे संग्रहालय विनामूल्य पाहता येते आणि खेड्यांतून आलेल्या विणकर स्त्रिया तेथेच बसून काम करीत असतात. मागाचे एक टोक खांबाला आणि दुसरे कमरेच्या पट्ट्याला बांधलेले असते. ताण कमी-जास्त करायचा तर बाई नुसती पुढे-मागे झुकते. समोर नक्षीचा कागद नाही की आराखडा नाही, बोटांनी धागे उचलून मोजणे चालू असते आणि नक्षी उतरत जाते. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल या किड्याचा लाल रंग कसा करतात, ते चिंचेरोतील विणकर तळहातावरच दाखवतात: वाळलेला किडा चुरडला की गडद लाल डाग पडतो, त्यावर लिंबू पिळले की तो नारिंगी होतो आणि क्षार मिसळला की जांभळट. विकत घेण्याची सक्ती कोणी करीत नाही. तरी तेथील हातमागाचे वस्त्र महाग वाटले म्हणून घासाघीस करण्यापूर्वी ते विणायला किती दिवस लागले, एवढे विचारून घ्यावे.

सणांच्या दिवसांत तर सारे शहरच रंगमंच होते. दर रविवारी सकाळी मुख्य चौकात पेरूचा ध्वज आणि कुस्कोचा सप्तरंगी ध्वज उभारून संचलन होते, ते कोणीही पाहू शकतो. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातील सोमवारी ‘भूकंपांच्या प्रभू’ची, म्हणजे क्रूसावरील ख्रिस्ताची, काळवंडलेली मूर्ती कॅथेड्रलमधून मिरवणुकीने निघते आणि लोक तिच्यावर न्युक्चू नावाची लाल रानफुले उधळतात, १६५० च्या भूकंपात हीच मूर्ती बाहेर काढल्यावर धरणी शांत झाली, अशी श्रद्धा आहे. कोर्पुस क्रिस्ती या कॅथलिक सणाच्या वेळी वेगवेगळ्या चर्चमधील पंधरा संत आणि मातामूर्ती खांद्यांवरून कॅथेड्रलमध्ये आणल्या जातात. पूर्वी याच चौकात इंका राजांचे जतन केलेले देह समारंभपूर्वक आणले जात, असे स्पॅनिश काळातील वृत्तांतांत नमूद आहे, आणि हे ध्यानात ठेवून पाहिले तर त्या मिरवणुकीला निराळाच अर्थ येतो. इंती रायमी हा सूर्याचा उत्सव २४ जूनला होतो. इंका माता आणि स्पॅनिश पिता यांच्या पोटी १५३९ साली कुस्कोत जन्मलेल्या इंका गार्सिलासो दे ला व्हेगा याने लिहून ठेवलेल्या वर्णनाच्या आधारे तो १९४४ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला. साक्साय्वामानवरील खुर्च्यांसाठी भारी तिकीट आहे. पण कोरिकांचा आणि मुख्य चौक येथील पहिले दोन भाग विनामूल्य पाहता येतात, आणि साक्साय्वामानच्या आसपासच्या टेकड्यांवर हजारो स्थानिक कुटुंबे डबे घेऊन बसलेली असतात. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच चौकात सांतुरांतिकुय हा मूर्तींचा बाजार भरतो. त्यात खेड्यांतली माणसे देखाव्यासाठी शेवाळ आणि गवत विकायला बसतात.

त्याच चौकात १८ मे १७८१ रोजी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणारा दुसरा तुपाक आमारू आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास यांना जाहीरपणे हालहाल करून ठार मारण्यात आले. चौकातील बाकांवर बसून फोटो काढताना आपल्या प्रवाशांना हे कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

‘मोफत’ या शब्दाबाबत दोन खुलासे करतो. ‘फुकट पदयात्रा’ अशा पाट्या चौकात दिसतात, पण त्या फुकट नसतात. मार्गदर्शकाची कमाई शेवटी दिल्या जाणाऱ्या बक्षिसीवरच अवलंबून असते, म्हणून दोन-तीन तास ऐकून काढता पाय घेणे योग्य नव्हे. रंगीत पोशाख घालून अल्पाका या लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्याचे पिल्लू कडेवर घेतलेल्या स्त्रिया फोटोसाठी पैसे मागतात; तो त्यांचा व्यवसाय आहे, रक्कम आधी ठरवून घ्यावी. कॅथेड्रलमध्ये सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी भाविकांना तिकीट लागत नाही, परंतु ती सवलत प्रार्थनेसाठी आहे, कॅमेऱ्यासाठी नाही.

पेरूविषयी पुन्हा लेख प्रसिद्ध कराल तेव्हा त्यात कुस्कोसाठी किमान तीन रात्री धराव्यात, अशी विनंती आहे. आपल्याकडील सहल कंपन्यांनीही त्यांतला एक दिवस कार्यक्रमपत्रिकेत मोकळा सोडावा. जूनमध्ये जाणाऱ्यांनी खोल्या कित्येक महिने आधी आरक्षित कराव्यात, कारण फुकट पाहण्यासारखे त्या महिन्यात सर्वाधिक असले तरी राहण्याचे दर तेव्हाच सर्वांत चढे असतात. रात्री पारा शून्याजवळ उतरतो, त्यामुळे गरम कपड्यांवर मात्र काटकसर करू नये.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे